त्याचं काही आलं का?

सिग्नल बदलला, माणसं रस्ता ओलांडायला लागली, तीही पहिलं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून हाक आली, "ए खारूताई, इकडे!" आणि ती गर्रकन वळली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. वळली मात्र शाळेतल्या पोरीसारखी, आणि शेजारच्या माणसाला तिचं कोपर लागलं. मागे एक तरुण बाप फुटपाथवर उकिडवा बसून आपल्या चारेक वर्षांच्या मुलीच्या बुटाचे बंद बांधत होता. मुलीचे दोन्ही गाल कशाने तरी टम्म फुगले होते. "आधी गिळ ते," बाप म्हणत होता, "मग बोल." हाक तिला नव्हतीच. कशी असेल? त्या नावाने तिला हाक मारणारा माणूस जगात एकच होता, तिचा धाकटा भाऊ, आणि चौदा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. सिग्नल पुन्हा लाल झाला, गाड्या सुटल्या, आणि ती पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे तशीच उभी राहिली. कोपर लागलेला माणूस काहीतरी पुटपुटत होता, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. गाड्यांच्या त्या गदारोळात तिला एक गोष्ट स्वच्छ कळली. ऐकू आली नाही, कळली. ती अशी, की आता जाऊन त्याला सांगायचं. काय सांगायचं हे कुणी सांगावं लागलं नाही. ते तिला नऊ वर्षांपासून माहीत होतं.

ऐकू येणं आणि न येणं यातला फरक म्हणजे तिचं पोटापाण्याचं काम होतं. कानाच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक आवाजबंद खोली होती, भिंतींना मऊ राखाडी अस्तर लावलेली, दार लोटलं की जगाचा सगळा कलकलाट कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. "आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबा. आल्यासारखा वाटला तरी दाबा." मग काचेच्या अलीकडे बसून ती एकेक सूर सोडायची, मोठ्यापासून बारीक, बारीकपासून नाहीसा होईपर्यंत, आणि कागदावर खुणा करायची, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. या सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा कोरा ठेवायचा. सूर सोडताना भुवईसुद्धा हलली तर पेशंट ती बघून बटण दाबतो. पंचवीस वर्षांत तिचा चेहरा इतका कोरा झाला होता, की रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, "ताई, तुम्ही हसताय की रागावलाय हे कळायला तुमच्यासोबत एखादं पत्रक द्यायला पाहिजे." त्या दिवशी पहिले पेशंट होते एक निवृत्त टायपिंग मास्तर. त्यांना आत बसवून ती खुर्चीत आली, पण हात यंत्रावर ठेवून नुसतीच बसली. सूर सोडायचा राहिलाच. आणि काचेपलीकडे मास्तरांनी डोळे मिटून, अगदी ठामपणे, बटण दाबलं. दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला.

"आजोबा," तिने माइकमधून सांगितलं, "आवाज आला तरच दाबायचं."

"आलाच की."

"नव्हता आला. मी सोडलाच नव्हता."

"तुम्हाला नसेल आला, बाई," मास्तर म्हणाले. त्यांना राग वगैरे आला नव्हता.

एरवी तिने कागदाच्या कोपऱ्यात 'उत्तरं भरवशाची नाहीत' असं लिहिलं असतं. त्या दिवशी पेन हातात धरून ती काचेतल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर तो पातळसा तरंगत होता, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यात तिला वडील दिसले. नाक त्यांचं, ओठ मिटून घेण्याची पद्धत त्यांची. वडील शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात सगळ्यात कडक. घरात त्यांचं कुठलंही बोलणं एकाच शब्दावर संपायचं. "ऐकलं?" आणि मुलांनी म्हणायचं, "ऐकलं." चपला रांगेत. ऐकलं? ऐकलं. उपासनेत मागे वळून बघायचं नाही. ऐकलं? ऐकलं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आमेनच्या जागी त्यांनी चुकून एकदा "ऐकलं?" म्हटलं होतं आणि तिने डोळे न उघडता "ऐकलं" असं उत्तर दिलं होतं, आई पदरात तोंड लपवून हसली होती. लहानपणी कितीतरी वर्षं देव तिला तसाच दिसायचा, मैदानाच्या टोकाला, गळ्यात शिट्टी, ऊन पाठीशी असल्यामुळे चेहरा न दिसणारा. आणि ती ऐकायची. पहिल्या हाकेला उठायची, सांगितलेलं करायची, न सांगितलेलंही ओळखून करायची. धाकटा ऐकायचाच नाही. इतका, की तो सात वर्षांचा असताना वडिलांना खरोखर शंका आली आणि ते त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिलाही बरोबर नेलं. अशी काचेची खोली तिने पहिल्यांदा तिथे पाहिली. डॉक्टर म्हणाले, पोराचे कान फर्स्ट क्लास आहेत. घरी आल्यावर त्या फर्स्ट क्लास कानांखाली दोन बसल्या. संध्याकाळी जिन्यात बसून गाल चोळत तो तिला म्हणाला होता, "मला ऐकू येतं गं खारूताई. पण लगेच नाही येत."

त्याला ऐकू यायला वेळ लागायचा हे खरंच होतं. वडिलांनी ओळखीने त्याला शिक्षकांच्या कॉलेजात जागा मिळवून दिली, दोन वर्षं तो गेला, आणि एके दिवशी जेवताना म्हणाला की मला शिकवता येणार नाही, मी सोफे-खुर्च्यांचं काम शिकतोय, सहा महिने झाले. आणि पाणी पिऊन झाल्यावर, जसं काही मीठच मागतोय, अशा आवाजात पुढे म्हणाला की जिच्या दुकानात शिकतोय त्या बाईशी लग्न करणार आहे. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी होती, घटस्फोट झालेली, पदरी एक मुलगी. वडील ओरडले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "आजपासून या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. पत्र आलं तर परत पाठवायचं, उघडायचं नाही, आल्याचं मला सांगायचंसुद्धा नाही. ऐकलं?" आईने मान खाली घातली. तो दारात उभा राहून बहिणीकडे बघत होता. तिला ते बघणं आजही दिसायचं, कधी बसमध्ये, कधी कपडे वाळत घालताना. तो काही मागत नव्हता, नुसता बघत होता, परीक्षेला बसलेला मुलगा शेजाऱ्याच्या पेपरकडे बघतो तसा. आणि ती म्हणाली, "ऐकलं."

पत्रं सात आली. पुढच्या चार वर्षांत. टपाल दुपारी यायचं, तिची तेव्हा सकाळची पाळी असायची, ती घरी असायची. प्रत्येक पाकिटावर तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'स्वीकारलं नाही', आणि दुसऱ्या दिवशी जाताना पेटीत टाकलं. तिसऱ्या पत्राच्या वेळी आई गेली होती आणि त्याला कळवलेलं नव्हतं. ते पाकीट जाड होतं, ती ते कितीतरी वेळ हातात धरून बसली होती, आतल्या कागदाची घडी अंगठ्याला लागत होती. पण तिने ऐकलं. चर्चमध्ये बायका आपल्या मुलींना तिचं उदाहरण द्यायच्या. एकदोन स्थळं येऊन गेली, पपांना कोण बघणार म्हणून तिनेच नको म्हटलं, तेव्हा तर पाळकांनी उपदेशात, नाव न घेता, आज्ञाधारक लेकीबद्दल चार वाक्यं सांगितली, आणि सगळ्या बाकांवरच्या माना तिच्याकडे वळल्या. तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं होतं. ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

मग वडिलांना अर्धांगवायूचा दुसरा झटका आला. दुपारचे चार वाजले असतील. पडद्यातून पिवळं ऊन येऊन चादरीवर पडलं होतं, ती ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसत होती, कवायतीच्या त्या हातांची बोटं आता आपोआप आत मुडपत होती. त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "त्याचं काही आलं का?" बस एवढंच. शेवटी "ऐकलं?" नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. आणि ती फडकं पिळत म्हणाली, "नाही." त्यांनी हळूहळू मान भिंतीकडे वळवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला तो आला होता, कुणाकडून तरी कळलं असावं. दफनभूमीच्या फाटकापाशी उभा राहिला, आत आला नाही, आणि माती टाकून झाल्यावर तिने मान वर केली तेव्हा फाटकात कुणी नव्हतं.

तिने स्वतःला समजावलं होतं. पत्र आल्याचं सांगू नको, ही त्यांचीच आज्ञा होती. ती तिने पाळली. नऊ वर्षं तिने हे उत्तर घडी करून ठेवलं होतं आणि लागेल तेव्हा काढून पाहिलं होतं, घडी जराही विसकटली नव्हती. पण त्या सकाळी सिग्नलपाशी ती वळली, आणि त्या वळण्यात काहीतरी उसवलं. कारण त्या दुपारी फडकं पिळताना आपल्या मनात आज्ञा वगैरे काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. मनात एवढंच होतं, की हात मी पुसतेय, औषध मी देतेय, लग्न मी केलं नाही, आणि विचारताय त्याचं. तेवढ्या एका क्षणाच्या आकसाने तिने बापाला भिंतीकडे तोंड करून मरू दिलं होतं, आणि भावाला, बापाने आपल्याला कधी विचारलंच नाही, असं समजत जगू दिलं होतं. आता जाऊन त्याला सांगायचं. इतकं साधं वाक्य. ते तिच्या मागेमागे फिरायला लागलं, घाई न करता, न रागावता, डबा उघडताना, नळाखाली भांडी धरताना, बसच्या रांगेत. त्यात शिट्टी नव्हती. तेच तिला सहन होईना. शिट्टी असती तर ती केव्हाच धावली असती.

तीन आठवडे तिने प्रार्थना केली. भावाचं दुकान कुठे आहे हे तिला सहा वर्षांपासून माहीत होतं, दवाखान्याची बसच त्यावरून जायची. ती आठवणीने पलीकडच्या खिडकीशी बसायची. चौथ्या आठवड्यात शनिवारी ती चर्चच्या मागच्या खोलीत सेविकाबाईंना मदत करायला गेली. सेविकाबाई बहात्तर वर्षांच्या, अंगाने किरकोळ, लग्न न केलेल्या, सगळ्या मंडळीची आजारपणं आणि भांडणं तोंडपाठ असलेल्या. त्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड इस्त्री करत होत्या आणि ती समोरचं टोक धरून उभी होती. वाफेचा, स्टार्चचा वास येत होता. कसं सुरू झालं तिला कळलं नाही, पण कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईतो तिने सगळं सांगून टाकलं होतं. पत्रं, पाकिटं, फडकं, 'नाही'. सेविकाबाईंनी इस्त्री उभी केली.

"आणि किती दिवस प्रार्थना करतेयस?"

"तीन आठवडे झाले."

"काय मागतेस?"

"मला मार्ग दाखव म्हणते."

"अगं, दाखवलाय की. बसच जाते तिथून." सेविकाबाई हसल्या नाहीत, डोळे मात्र हसले. "कंटाळला असेल देव. तुला पत्ता माहीत, काय बोलायचं ते माहीत. आता ही प्रार्थना नाही, ही टाळाटाळ आहे. मी पण करते कधीकधी, म्हणून ओळखते."

ती कापडाच्या टोकाकडे बघत म्हणाली, "मी जन्मभर ऐकतच आले ना बाई. पपांचं, सगळ्यांचं. तेच चुकलं. मग आता हे तरी ऐकायचं कशावरून? हे देवाचं आहे की माझंच मन खातंय, कसं कळायचं?"

"पपांचं ऐकलंस की काय मिळायचं?"

तिने विचार केला. "शाबासकी."

"आणि हे ऐकलंस तर?"

हे ऐकलं तर जे काही थोडं होतं तेही जाणार होतं. चांगली लेक, चांगली बहीण, बाकांवरच्या वळलेल्या माना.

"मनाचे खेळ असते तर मनाने तुझी काहीतरी सोय केली असती," सेविकाबाई म्हणाल्या. "आणि भीती जाईल मग जाईन असं म्हणत बसू नकोस. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूला त्या बागेत घाम फुटला होता. त्याचीसुद्धा इच्छा नव्हती, सरळ बोलून दाखवलं त्याने, आणि मग उठला. त्यालाही ऐकायला शिकावं लागलं बाई, आपण कोण? भीतीसकट जा. आणि दुसरं, क्षमा आणायला जाऊ नकोस. तुला सांगायला सांगितलंय. आणायला नाही."

सोमवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली. बसमध्ये चढल्यावर ती पहिल्यांदाच दुकानाच्या बाजूच्या खिडकीशी बसली. बाहेर सगळं ओळखीचं शहर पाण्याखालून दिसावं तसं मंद हलत होतं, फळीवर रचलेल्या काचा, सायकलवरून चाललेला खांद्याएवढा आरसा आणि त्यात सरकणारं आभाळ, एका खिडकीत मनगटावर बांगड्या मागे सारत फोनवर बोलणारी बाई. आपण स्वतःहून चाललो आहोत असं तिला वाटत नव्हतं, कुणी ढकलतंय असंही नाही. तिला लहानपणचा एक खेळ आठवला, डोळे मिटून अंगणातून चालायचा. दहा पावलांवर भिंत आहे हे माहीत असायचं आणि तरी सहाव्या पावलालाच तोंडावर तिचा गारवा जाणवायचा. तसा गारवा तिला आता जाणवत होता. उतरायचा थांबा आला. दार उघडलं, दार मिटायला लागलं, कंडक्टर म्हणाला, "उतरायचंय ना बाई? मग उतरा." आणि ती उतरली.

दुकान अरुंद, खोल. दारातच एका खुर्चीचा सांगाडा पडला होता, स्प्रिंगा उघड्या, काथ्या बाहेर आलेला. आत तो गुडघे टेकून एका सोफ्याच्या हाताला कापड ताणत होता. तोंडात बारीक खिळे धरलेले, एकेक काढायचा आणि ठोकायचा. केस निम्मे पांढरे झाले होते. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि खिळे तोंडात असल्यामुळे काही बोलला नाही. तिला वाटलं, बरं झालं. तो बोलायच्या आत सांगून टाकावं.

"पपा जायच्या आधी," ती म्हणाली. तिने पुन्हा सुरुवात केली. "पपा जायच्या आधी तीन दिवस त्यांनी मला विचारलं होतं. तुझं पत्र आलं का म्हणून. आणि मी नाही म्हटलं. सात आली होती. ती मी परत पाठवली, ते त्यांनी सांगितलं होतं म्हणून. पण त्या दिवशी जे नाही म्हटलं, ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही म्हटलं. ते माझं होतं. तुझा राग आला होता मला. त्यांनी तुझं विचारलं याचा राग आला होता."

तो गुडघ्यांवरच बसून होता. त्याने एक खिळा काढला, कापडावर ठेवला, ठोकला. मग दुसरा. हातोडीचा तो टक्-टक् आवाज तिने कधी कागदावर मांडला असता तर उजव्या टोकाला मांडावा लागला असता, इतका कोरडा आणि उंच होता. तोंडातले सगळे खिळे संपेपर्यंत तो ठोकत राहिला. मग उठला, गुडघे झाडले, तिच्याकडे न बघता म्हणाला, "झालं सांगून?"

"हो."

"मग जा आता."

तिने मान हलवली. मला माफ कर, हे वाक्य ओठांवर होतं, पण ते मागणं झालं असतं. सेविकाबाईंनी नको म्हटलं होतं ते हेच. ती वळली, खुर्चीच्या सांगाड्याला वळसा घालून बाहेर पडली, थांब्यापर्यंत चालत गेली. मागून हाक येईल असं तिला वाटलं होतं, नाही असं नाही. आली नाही.

पुढचे दिवस विचित्र गेले. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, तसं काही तिला वाटलं नाही. उलट घरात फिरताना एखादं जड कपाट हलवल्यावर भिंतीवर त्याच्या जागी जो फिकट चौकोन उरतो, तो सतत दिसत राहावा तसं होत होतं. आपण चांगल्या नव्हतो. हे आता दोन माणसांना माहीत होतं, आणि जग चाललं होतं. रिसेप्शनवरची मुलगी एकदा म्हणाली, "ताई, आज तुमच्याकडे बघून कळलं की तुमचं डोकं दुखतंय," आणि दोघी त्यावर जरा जास्तच हसल्या. संध्याकाळी ती प्रार्थनेला बसायची, पण मागायला काही सुचायचं नाही. सांगितलेलं केलं, आता काय? असं ती विचारायची आणि उत्तर यायचं नाही, आणि ते न येणं पूर्वीसारखं रिकामं वाटायचं नाही. आवाजबंद खोलीत दोन सुरांच्या मध्ये पेशंट डोळे मिटून बसलेला असतो, त्याच्यासारखी ती बसून राहायची. मैदानाच्या टोकाला शिट्टी घेऊन उभा राहणारा तो आता तिला दिसेना. दुसरा कुठला चेहराही त्या जागी आला नाही. पण कुणीतरी जवळच, जमिनीवर, गुडघे टेकून काहीतरी काम करत आहे आणि आपण त्याच्या शेजारी बसलो आहोत, असं काहीसं वाटायचं, आणि मग ती उठून स्वयंपाकाला लागायची.

पाचव्या रविवारी दुपारी, चर्चमधून आल्यावर, ती बूट काढत होती तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

ती एक बूट हातात घेऊन भिंतीला टेकली. त्याचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी पाणी वाहत होतं. मग तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. खरं सांगशील?"

"सांगेन."

"त्यांनी नाव घेतलं होतं का माझं?"

ते तिला अपेक्षित नव्हतं. भिंतीचा गारवा ब्लाउजमधून पाठीला लागला. त्याच्या आवाजात सात वर्षांचा मुलगा होता, जिन्यात बसलेला. त्याला एका शब्दाने किती देता आलं असतं. हो म्हण. कुणाला कळणार आहे? पलंगाशी दुसरं कुणी नव्हतं. तुझंच नाव घेतलं, म्हण. दोनदा घेतलं, म्हण. नऊ वर्षं एका खोट्याने जे मोडलं ते दुसऱ्या एका मायेच्या खोट्याने सांधलं जाईल, आणि तो रडेल, आणि कदाचित म्हणेल, ये घरी. तिचं तोंड उघडलंही. दुकानात जाऊन बोलणं सोपं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिथे फक्त स्वतःचं द्यायचं होतं. इथे त्याचं काढून घ्यायचं होतं. आणि तेच वाक्य, शिट्टी नसलेलं, घाई नसलेलं, तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभं होतं. नुसतं सांग. तुझ्याकडे जेवढं आहे तेवढंच.

"नाही," ती म्हणाली. "नाव नाही घेतलं. 'त्याचं' म्हणाले. 'त्याचं काही आलं का?' एवढंच."

पलीकडे काहीच ऐकू येईना. पाणीही बंद झालं. तिला वाटलं, त्याने फोन ठेवला. तिने डोळे मिटले. मग एक आवाज आला, तो हसण्याचा आहे की कसला हे पंचवीस वर्षं कान तपासणाऱ्या बाईलाही सांगता आलं नसतं.

"'त्याचं'," तो म्हणाला. "तेच होते मग. त्यांनीच विचारलं असणार. स्वतःचा हुकूम मोडला नाही म्हाताऱ्याने, मरतानासुद्धा." त्याने नाक ओढलं. "तू नाव घेतलं म्हणाली असतीस ना, ताई, तर मी विश्वास ठेवला नसता. मी फोन ठेवणार होतो, आणि परत कधी केला नसता."

बूट अजून हातातच होता.

"कसं म्हणाले?" त्याने विचारलं. "म्हणजे, आवाज कसा होता?"

"जीभ जड झाली होती. छताकडे बघत होते. ओरडून नाही. हळू." ती थांबली. "ऐकलं का, असं नाही म्हणाले शेवटी."

"नाही म्हणाले?"

"नाही."

त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, अन् आणखी एक, तरुण, कुणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. त्याने फोन तोंडापासून दूर धरून "आलो" म्हटलं. मग जवळ घेऊन तिला म्हणाला, "थांब हं. त्यांना सांगून येतो. ठेवू नकोस फोन."

"नाही ठेवत."

त्याने फोन कशावर तरी टेकवला, लाकडावर असावा. तिने डोळे मिटून घेतले. पलीकडे एक घर होतं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची फरशीवरून ओढली गेली. ताटांवर ताट. एक बाई काहीतरी विचारत होती, तो हळू आवाजात उत्तर देत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच बोलणं थांबलं, आणि कुणाची तरी पावलं चालत येऊन फोनच्या अगदी जवळ थबकली, बारीक श्वास ऐकू आला, आणि पावलं पुन्हा दूर गेली. पातेल्यावर झाकण ठेवलं गेलं. ती भिंतीला टेकून, एका पायात बूट, एक पाय उघडा, फोन कानाशी घट्ट धरून उभी होती, आणि तो येईपर्यंत तिला कुठेही जायचं नव्हतं.